ओट्यावरून कळस

कार्तिक वद्य ११, शके १८३४

सावित्रीने आज ही कोरी वही आणून पुढ्यात टाकली. म्हणाली, "राग आला की हिच्यावर काढत जा. घरातली भांडी आता चेपायची राहिली नाहीत." मी रागीट आहे असा या घरात सर्वांचा समज आहे. मी रागीट नाही. माझ्या अवतीभवती मूर्ख फार आहेत, एवढंच.

पण आज लिहायचं ते आनंदाचं आहे. बाजाररस्त्याच्या दोन्ही बाजूंना चुन्याच्या रेघा पडल्या. गेल्या सालच्या ताऊनात, म्हणजे प्लेगात, आमचा हा कसबा निम्मा ओस पडला होता. गल्ल्या अरुंद, हवा नाही, ऊन नाही, उंदरांचं मात्र राज्य. तेव्हापासून मी तहसीलदारांच्या मागे लागलो होतो की वेशीपासून नागेश्वराच्या देवळाकडच्या वळणापर्यंत रस्ता सरळ आणि रुंद करा. दरख्वास्तींवर दरख्वास्ती लिहिल्या, त्याही अस्सल उर्दूत, कारण मराठी कागद पाहिला की कचेरीला झोप येते. अखेर हुकूम निघाला. दोन्ही बाजूंच्या घरांनी पुढचा भाग सोडायचा. माझं घर मुळातच मागे आहे, त्यामुळे माझा ओटा वाचला. यात माझा काही दोष नाही.

समोरच्या सुंदररावाची मात्र सबंध पडवी गेली. हा कापसाचा आडत्या. पडवी म्हणजे त्याच्या धंद्याचं तोंडच. बदल्यात त्याला उंच बांधायची मोकळीक द्यावी असं ठरलं. पंचांत मीही होतो. मीच म्हणालो, द्या, बिचाऱ्याचं नुकसान होतं आहे.

पौष शुद्ध ४

बिचारा कसला. चांडाळ आहे.

माझे वडील रोज सकाळी ओट्यावर बसून नागेश्वराचा कळस पाहत, हात जोडत, आणि मगच न्याहारीला उठत. मीही तेच करत आलो. देवळात मी सणासुदीला जातो. पायऱ्या फार आहेत आणि गुरवाशी माझं पटत नाही. पण कळस पाहिल्यावाचून अन्नाला शिवलो असं या आयुष्यात झालेलं नाही.

आज ओट्यावर येऊन बसलो, हात जोडले, मान वर केली, तर समोर परांची, परांचीवर गवंडी, आणि गवंड्याच्या मागे सुंदररावाच्या तिसऱ्या मजल्याची भिंत. कळस नाही. तळपायाची आग मस्तकाला गेली. शिडी लावून माळवदावर चढलो. तिथूनही नाही. धान्याच्या कणगीवर उभा राहिलो. नाही. खालून सावित्री म्हणाली, "अहो, उतरा. कळस काही तुम्हाला दिसंना, पण सगळ्या पेठेला तुम्ही दिसायलात."

वेशीपर्यंत चालत गेलो, तेव्हा रस्त्याच्या त्या टोकाला, वेशीबाहेरच्या काळ्या खडकाजवळ महारवाड्यातली काही माणसं उभी होती. तीही वर पाहत होती. बहुधा माडी पाहायला आली असावीत. रिकामटेकड्यांना कमी नाही. मी दिसताच बाजूला सरली.

शेवटी देवळात जाऊन आलो. पायऱ्या चढताना दम लागला आणि गुरव हसला. आता रोज हेच.

पौष शुद्ध ७

सुंदररावाला जाब विचारायला गेलो. तो विटांच्या ढिगावर बसून सुपारी कातरत होता. उठला नाही.

मी म्हणालो, "सुंदरराव, कळस झाकला तुम्ही."

तो म्हणाला, "वकीलसाहेब, रस्ता रुंद करा म्हून अर्ज कुणी केलता?"

"मी केला. लोकांच्या भल्यासाठी."

"मंग माझी पडवी गेली ती बी लोकांच्या भल्यासाठीच गेली. खालून कापलं म्हून वर चाललो. माणसानं जावं कुठं? जिमिनीत?"

"अहो, पिढ्यान्‌पिढ्या लोक त्या कळसाला हात जोडत आलेत."

"तर देवळात जावा की. दार उघडं हाय. तुमाला कुणी अडवलंय?"

याला उत्तर होतं, पण ते मला तिथे सुचलं नाही. घरी आल्यावरही सुचलं नाही, म्हणून अधिकच चीड आली. ताटावरून उठलो.

पौष वद्य २

उत्तर सापडलं. वहिवाट!

शेतातली पायवाट पिढ्यान्‌पिढ्या तुडवली की ती अडवता येत नाही. विहिरीचं पाणी पिढ्यान्‌पिढ्या भरलं की ते तोडता येत नाही. तसंच हे. रस्त्यावरून कळसाचं दर्शन ही कसब्याची वहिवाट आहे आणि कोणा सुंदररावाच्या बापाला ती बुजवता येणार नाही. असा अर्ज या जिल्ह्यात कोणी केला नसेल. जिल्ह्याच्या तालुकदारसाहेबांकडे थेट बीडला पाठवणार.

साक्षीदार हवेत. आज दिवसभर पेठ पालथी घातली. सोनार म्हणाला, मी दर सोमवारी गाभाऱ्यात जातो, मला कळस कशाला? वाण्याचा कापूस सुंदररावाकडे जातो, त्यामुळे त्याला आज अचानक कमी दिसू लागलं. गुरव म्हणाला, लोकांना रस्त्यातच दर्शन मिळालं तर माझ्या ताटात काय पडणार? ही आमची भली माणसं. 

पौष वद्य ५

म्हाळू तहसिलीची टपाल थैली घेऊन गावोगाव हिंडतो. महारवाड्यातला आहे, चलाख आहे. त्याने आज आपल्या आईला आणलं. भिवराबाई तिचं नाव. तिच्याबरोबर आणखीही बाया-माणसं होती. सगळी अंगणात उभी राहिली, मी ओट्यावर.

भिवराबाई म्हणाली, "वकीलसाब, तुमी कळसासाठी भांडायलात असं म्हाळू म्हनला. आमी साक्ष देतो."

मी विचारलं, "तुम्हाला कळसाशी काय कर्तव्य?"

 ती म्हणाली, "पायरीला आमाला शिवू देत न्हाईत. त्ये तुमाला ठावं हाय. म्हून आमच्या वाडवडलांनी वेशीभाईरचा काळा खडक धरला. तिथनं कळस दिसतो. सोमवारचा नारळ तिथंच फोडतो. नवी नवरी तिथंच वाकती. आन्‌ लेकरू जल्मलं की सव्वा म्हैन्यानं त्याला खडकावर न्हेऊन कळस दावायचा, मंगच नाव ठिवायचं. तवर त्याला नुसतं बाळ म्हनायचं. माझ्या सुनंला आठवा लागलाय. त्या भिंतीनं कळस गेला. आता म्या नातवाला काय दावू? सुंदररावाचं धाबं?"

आणि मी समजत होतो की ही मंडळी माडी पाहायला जमतात. असो. साक्ष फर्मास आहे. सोनार-वाण्यांनी तोंड फिरवलं, तिथे माझ्या बाजूने अख्खी वस्ती उभी! देवळातली मनाई जुनीच चालत आलेली आहे, मी त्यात पडत नाही. माझा कज्जा कळसापुरता आहे.

कागद ओट्याच्या कडेवर ठेवला, शाईची वाटीही ठेवली. एकेक जण खाली उभं राहून हात वर करून अंगठा उठवत गेलं. भिवराबाईने उठवला तेव्हा अंगठा बराच वेळ दाबून धरला. शाई फाकली.

अर्जात मी एक वाक्य घातलं आहे ते इथे उतरवून ठेवतो: 'ही वहिवाट कोणा एकाची नसून, जातपात न पाहता, कसब्याच्या सर्व रयतेची आहे.' सावित्रीला मोठ्याने वाचून दाखवलं. ती लसूण सोलत होती. म्हणाली, "सर्व म्हणजे सर्व का?" मी म्हणालो, कायद्याच्या भाषेत सर्वच म्हणावं लागतं. ती पुन्हा लसूण सोलू लागली.

माघ शुद्ध ९

तालुकदारसाहेब मुआयन्याला आले. मांजरसुंब्याचा घाट चढून धुळीने माखले होते, तरी आधी पाणी न घेता जागा पाहायला निघाले. माणूस शिस्तीचा आहे. माझ्या ओट्यावर उभे राहिले, मग वेशीबाहेर काळ्या खडकावर. भिवराबाईला बरोबरच्या पेशकार कारकुनाकरवी विचारलं, इथून दिसत होता का? तिने नुसता हात लांब करून भिंतीकडे दाखवलं. साहेब त्या हाताच्या रोखाने बराच वेळ पाहत राहिले.

सुंदरराव मध्येच म्हणाला, "सरकार, या लोकांच्या सांगन्यावरनं माझी माडी पाडनार काय?"

मी असा कडाडलो म्हणता! "का? ही माणसं सरकारची रयत नाहीत? यांना डोळे नाहीत? देव यांचा नाही?" साहेबांनी मान डोलावली.  म्हाळू माझ्याकडे असा पाहत होता की मलाच अवघडल्यासारखं झालं. आज न्याहारी न करताही पोट भरलं.

फाल्गुन शुद्ध ३

जिंकलो!

तिसऱ्या मजल्याचा आड येणारा भाग उतरवावा, आणि कळसदर्शनाची सर्व रयतेची वहिवाट कायम राखावी, असा साफ हुकूम आहे. माझंच वाक्य, माझ्याच शब्दांत, वर सरकारी शिक्का.

कुठून दिसायला हवा ते पक्कं ठिकाण मुक्रर करायला आज मोजणीदार आला. तरुण आहे, हैदराबादेत शिकलेला, सारखा घाम पुसतो. मी म्हणालो, काळा खडक आणि माझा ओटा, अशी दोन ठिकाणं आहेत. तो म्हणाला, "खडक तर जाणार वकीलसाहेब. कापसाच्या गाड्या वेशीतून वळेनात, म्हणून तिथं सुरुंग लावायचाय. जो खडक राहणारच नाही, तो मी कागदावर कसा धरू? एक कायमचं ठिकाण सांगा."

मी म्हणालो, मग माझा ओटा धरा. घडीव दगडाचा आहे, वडिलांच्या वेळचा, हलणार नाही.

त्याने ओट्यावरून दोरी धरली. तेवढ्या रेषेतला मजला उतरेल. सुंदरराव म्हणाला, मग वेशीकडच्या अंगाचा मजला मला ठेवता येईल का? मोजणीदार म्हणाला, ओट्यावरून कळस दिसल्याशी मतलब. मीही म्हणालो, हरकत नाही. जिंकलेल्याने थोडं सोडावं.

सुंदरराव हसला. हरलेल्या माणसाने एवढं हसावं असं त्यात काय होतं कोणास ठाऊक. "वकीलसाहेब," तो म्हणाला, "माझ्यापरीस तुमी पक्के निघाले."

फाल्गुन वद्य १

धुळवडीच्या गोंगाटातच गवंड्यांनी शेवटच्या विटा उतरवल्या, आणि कळस दिसला. डोळ्यांत पाणी आलं. वडिलांची आठवण झाली. मग पोटभर न्याहारी केली.

पेढे वाटले. भिवराबाईला आवर्जून निरोप पाठवला की पेढे घ्यायला ये. आली नाही. काल वेशीत सुरुंग उडाले, त्याची धूळ अजून बसली नव्हती, आणि म्हणे ती तिथे फुटक्या खडकाजवळ बसून होती. सून बाळंत झाली आहे, नातू झाला, तरी हिचं तोंड सुतकी! लोकांसाठी रक्त आटवावं आणि लोकांनी आभाराचा शब्दही काढू नये. मला याची फार चीड येते.

संध्याकाळी म्हाळू आला. पेढा घेतला, पण तोंडात घातला नाही. अंगणात उभा राहून म्हणाला, "आई इचारती, आता कुठनं बघायचं?"

मी वैतागलेलोच होतो. म्हणालो, "तुझ्या आईला सांग, हुकूम झाला आहे. वकिलाच्या ओट्यावरून. सर्व रयतेला. आणखी काय पाहिजे तुम्हाला?"

"हुकमात तसं लिवलंय?"

"शिक्का आहे त्यावर."

तो "बरं जी" म्हणून गेला. पेढा ओट्याच्या कडेवरच राहिला होता. मुंग्या लागल्या.

चैत्र वद्य ७, सोमवार

आज घडलं ते क्रमाने लिहून ठेवतो.

सकाळी ओट्यावर बसलो होतो. कळसावर ऊन आलं होतं. हात जोडतो न जोडतो तोच रस्त्यावर पावलं वाजली. भिवराबाई पुढे. तिच्यामागे सून, पदराखाली मूल. म्हाळू. त्यांच्यामागे वस्तीच वस्ती, हातात नारळ, हळदकुंकू, दिव्याचं ताट.  माझ्या अंगणासमोर येऊन थांबली. सोनार दुकानातून बाहेर आला. सुंदरराव आपल्या सज्ज्यात येऊन उभा राहिला, जणू तमाशाला आला आहे.

मी म्हणालो, "काय आहे?"

भिवराबाई म्हणाली, "सव्वा म्हैना झाला. लेकराला कळस दावायचाय."

"मग दाखवा. रस्ता सरकारी आहे."

"रस्त्यावरनं दिसत न्हाई जी. खडक होता तिथनं बघितलं, तिथं माडी आडवी येती. वेशीवरनं बघितलं. हितं खाली उभं ऱ्हाऊन बी आत्ताच बघितलं. तुमच्या ओट्यावरनंच दिसतो."

मी उपरणं सारखं केलं.

ती म्हणाली, "हुकूम तसाच हाय म्हनले न्हवं तुमी."

"हुकूम मी केलेला नाही."

"मागितला तुमीच. अंगठा आमचा हाय त्येच्यावर."

ती हात जोडून बोलत नव्हती. भांडतही नव्हती. हीच गोष्ट मला सहन झाली नाही. भांडली असती तर मी तिला पुरून उरलो असतो.  सगळी पेठ पाहत होती. मी उठलो आणि आत आलो. लोक म्हणतील घाबरला. मी तंटा वाढू नये म्हणून आत आलो. दार लावून घेतलं.

ते दार सावित्रीने उघडलं. मला ओलांडून, माझ्याकडे न बघता, बाहेर गेली. मी तिला थांब म्हणालो होतो. मला वाटतं, म्हणालो होतो.

तिचा आवाज आला, "लेकरू द्या इकडं माझ्याजवळ. मी दाखवते."

मग भिवराबाईचा. "न्हाई बाईसाब. आमचं लेकरू आमीच दावू. चढू द्यायचं असंल तर सांगा, न्हाईतर जातो माघारी. पर तसं सांगा, तोंडानं सांगा."

 मी दाराआड उभा होतो. दाराला माझा हात टेकलेला होता. मी ओढलं असतं तर ते बंद झालं असतं.

सावित्री म्हणाली, "या वर."

ओट्याच्या पायऱ्यांवर पावलं वाजली. वडिलांच्या ओट्यावर. आधी एक, मग पुष्कळ. नारळ फुटल्याचा आवाज आला. मूल रडायला लागलं आणि कोणीतरी हसलं, बाईचा आवाज होता तो. मग नाव ठेवलं असावं, कारण सगळ्यांनी मिळून काहीतरी म्हटलं. मला ऐकू आलं नाही. मी विचारलंही नाही.

चैत्र वद्य ८

आज सकाळपासून दाराशी माणसांची रीघ आहे. गुरव आला, सोनार आला. साक्षीला म्हटलं तेव्हा यांच्या पायांना मुंग्या आल्या होत्या, आज मात्र न बोलावता आले. म्हणाले, वकीलसाहेब, ओटा धुऊन घ्या, गोमूत्र शिंपडा, नाहीतर तुमच्या पंगतीला आम्ही बसणार नाही. मी म्हणालो, मला शिकवू नका. गुरवाला म्हणालो की तुझ्या पंगतीला मी कधी भुकेला होतो? तरी ते गेल्यावर सावित्रीला सांगितलं, ओटा धुऊन काढ.

ती म्हणाली, "माझ्या हातून नाही व्हायचं."

"कावून नाही व्हायचं?" मी ओरडलो.

"बाळाला हळदकुंकू लावलंय तिथं. पाऊल उमटलंय दगडावर, एवढंसं. धुवायचंच असलं तर घागर विहिरीपाशी हाय. तुम्ही धुवा."

मी घागर भरून घेतली. अंगणात आलो. तर सज्ज्यात सुंदरराव! सुपारी कातरत, टक लावून बघत. त्याच्यादेखत मी घागर ओतू? याच माणसासमोर मुआयन्याच्या दिवशी मी ओरडलो होतो की देव यांचा नाही का. तो ते विसरलेला नाही, त्याच्या तोंडावर दिसत होतं. घागर तशीच खाली ठेवली. आत आलो.

आता धुतल्याशिवाय मी त्या ओट्यावर बसू शकत नाही, आणि धुण्यासाठी मला तिथे जाता येत नाही. काल कळस नीट पाहिला नव्हता, आज पाहिलाच नाही. न्याहारीचं ताट आलं, ते परत पाठवलं. देवळात जावं तर गुरवाचं थोबाड बघावं लागेल. पोटात आग पडली आहे.

हा सगळा राग कोणाचा, ते एकदा नीट मांडावं म्हणून वही उघडली. सुंदररावाचा आहे, तो तर आहेच. मोजणीदाराचा आहे, त्याने दोरी माझ्या ओट्यावरून का धरली? भिवराबाईचा आहे. तिने माझाच शब्द माझ्यापुढे आणून ठेवला. म्हाळूचा आहे, त्याने निरोप शब्दशः पोचवला. सावित्रीचा सर्वांत जास्त आहे. आणखी एक नाव राहतं आहे असं वाटतं, पण आता उपाशीपोटी डोकं चालत नाही.

सावित्री आत्ताच दारात येऊन सांगून गेली. रात्रीच्या वाऱ्याने धूळ उडून गेली आहे, म्हणाली. ओट्यावरून कळस आज अगदी स्वच्छ दिसतो आहे.